राखणदाराच्या कोपऱ्यातली माती

माझं माहेरचं नाव प्रेमा आणि सासरी आल्यावर ठेवलेलं सुलभा, पण या दोन्ही नावांनी आमच्या गावात मला कोणी ओळखणार नाही. काटेबायचं घर विचारा, कोणीही आणून सोडेल, तुम्हालाही तसंच आणून सोडलं असणार. काटा म्हणजे खाणीवरचा, ट्रक तोलायचा. सुर्ल्याच्या खाणीच्या फाटकापाशी तो होता आणि त्याच्या खोलीच्या जनेलात, म्हणजे खिडकीत, मी अठरा वर्षं बसले, ट्रक रिकामा आत गेला की त्याचं वजन, भरून बाहेर आला की वजन, नंबर, वेळ, ड्रायव्हर. आज मी त्रेपन्न वर्षांची आहे आणि अजून रस्त्यावरून ट्रक गेला की माझी नजर त्याच्या नंबरावर जाते, न बघता राहवतच नाही.

जन्म माझा पेडण्यातल्या केरीचा, समुद्राच्या कडेचा. वडील फेरीबोटीवर दोर टाकायला आणि सोडायला होते, आणि घरामागे रेताड जमिनीचा एक तुकडा होता, त्यात आई मिरची लावायची आणि पावसाळा सरला की अळसांदे, म्हणजे चवळी. अळसांद्यांना आईनं कधी खत घातलेलं मला आठवत नाही. टाकायचे आणि विसरायचे. कडधान्य म्हणजे टाकायचं आणि विसरायचं, हे माझ्या डोक्यात तिथूनच बसलं, आणि ते मला पुढे फार महाग पडलं.

लग्न होऊन इकडे डिचोलीत आले. आमचे हे वास्कोला बंदरात नोकरीला, शनिवारी बसनं येतात, सोमवारी सकाळी जातात, त्यामुळे घरात जे काय भांडण व्हायचं ते मंगळवार ते शुक्रवारात होऊन जातं, त्यांच्या वाट्याला येत नाही. मी काट्यावर लागले ती गरज म्हणून, पण काम मला आवडलं. आणि संशयाचं म्हणाल तर तोही मला काट्यानंच लावला. ड्रायव्हर लोक भरून येताना सीटखाली दगड घालून आणायचे, मालावर पाणी मारून आणायचे, आणि वर, बेगीन सोड गो बाय, उशीर झालो, असं गोड बोलायचे. मी उतरून सीट उचलायची. मग सवयच लागली. सकाळी पोदेर सायकलवर पाव घेऊन येतो, त्याचे उंडे, म्हणजे गोल पाव, मी एकदा घरी तोलून बघितले आणि त्याला सांगितलं की आज चारांतले दोन हलके आहेत, तेव्हापासून तो आमच्या दारासमोर भोंपू वाजवतो पण थांबत नाही, मागे धावावं लागतं. हे तर म्हणतात, लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा ही खालून वाकून बघत होती, पलीकडे ठरवलेलाच मुलगा उभा आहे ना म्हणून. खोटं आहे ते. पण लोक हसतात, हसू देत.

मग खाण बंद झाली. कधी बंद, कधी थोडी चालू, असं काही वर्षं चाललं आणि नीट चालू झाली तेव्हा काटा आपला आपण लिहायला लागला होता, जनेलात माणूस लागत नव्हता. मी घरी. काय सांगू तुम्हाला, ज्या बाईनं अठरा वर्षं दिवसाला शेकडो गाड्या लिहिल्या तिनं घरी बसून काय लिहायचं? गॅसचा सिलिंडर कधी लावला, मांयच्या गोळ्या किती उरल्या, हेच. मांय म्हणजे माझी सासू, ऐंशीच्या पुढची आहे, अजून सगळं कळतं तिला.

आमचं एक मोरड आहे. मोरड म्हणजे उंचावरचं शेत, पाणी न साचणारं, तांबडी जांभी माती, अर्ध्या एकराहून थोडं जास्त. पूर्वी नाचणी आणि भात व्हायचं, मग माणसं खाणीवर गेली आणि शेत पडीक पडलं. ते दोन भावांच्या नावावर, आमचे हे आणि धाकटे उल्हास भावोजी. भावोजींचे खनिज वाहायचे दोन ट्रक आहेत. खाण पुन्हा सुरू झाली तशी ते म्हणायला लागले, वयनी, गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात, लोक ओरडतात, मोरड रिकामंच आहे, मशीन आणून सपाट करतो, चिरेखडी टाकतो, गाड्या तिथे राहतील. वाईट बोलले नाहीत ते. पण जमीन एकदा दाबून वर खडी टाकली की ती पुन्हा शेत होत नाही, खाणीच्या गावात हे कोणाला सांगावं लागत नाही. मी म्हटलं, मला एक पावसाळा द्या. ते म्हणाले, काय करणार? मी म्हटलं, पीक काढणार. मग मांयच्या समोर शब्द झाला. मळून सहा पोती निघाली तर शेत शेतच राहील, नाही निघाली तर दिवाळी झाली की मशीन. अठरा वर्षं दुसऱ्यांचा माल तोलला होता मी, एकदा आपला तोलायचा होता, आणि त्यासाठी माझ्याजवळ तेवढी एकच जागा होती.

सोयाबीन का, तर माझी चुलत बहीण चंदगडला दिलेली आहे, तिच्याकडे सोयाबीन होतं, तीन-साडेतीन महिन्यांत मोकळं. फोनवर म्हणाली, तुझ्या त्या तांबड्या मातीत नाही व्हायचं गं. मला वाटलं, हिला आपलंच पीक मोठं वाटतं. मी वहीत यादी केली. एक, माती तपासून घेणं. दोन, पाणी निघायला चर मारणं. तीन, बियाणं ओल्या फडक्यात उगवून बघणं, शंभरातले किती येतात. चार, मुळांना गाठी आणणाऱ्या जीवाणूंचं पाकीट. पाच, खत. सहा, पेरणी. प्रत्येकासमोर तारीख आणि खूण करायला जागा. माती तपासायची कशी हे मला कोणी शिकवायला नको होतं, खाणीवर खनिजाचा सॅम्पल काढताना मी रोज बघत होते. ढिगाच्या दहा ठिकाणचा थोडा थोडा माल घ्यायचा, एकत्र करायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे, उरलेल्याचे पुन्हा चार, असं करत करत मूठभर उरतं तो सगळ्या ढिगाचा सॅम्पल. मातीचंही अगदी तसंच. वीतभर खोल खड्डा, उतरत्या बाजूची माती, सावलीत वाळवून पिशवीत.

मी टोपली-कुदळ घेऊन निघाले तर मांय म्हणाली, माती खंय नेतेस? म्हटलं, तपासायला, ऑफिसात. ती म्हणाली, मग राखणदाराक सांग आणि त्याच्या कोपऱ्यातली ने. आमच्याकडे प्रत्येक शेताचा राखणदार असतो, शेताचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा सांभाळ करणारा. मोरडाच्या वरच्या अंगाला चिऱ्यांची एक पेडी आहे, ओट्यासारखी, तिथे तो. वर्षाला त्याला रोट, म्हणजे जाड भाकरी, आणि नारळ द्यायचा, पेडीला चुना काढायचा, म्हणजे ती चुन्यानं रंगवायची. आणि रीत अशी की शेताची माती बांधाबाहेर न्यायची झाली तर त्याच्याच कोपऱ्यातली न्यायची, तुळशीला न्यायची असली तरी तिथलीच, दुसरीकडची माती बांध ओलांडून गेली तर शेताचं पिकणंच तिच्याबरोबर जातं. मी काही फार देवदेव करणारी नव्हे, पण शेत वाचवायला निघालेली बाई पहिल्याच दिवशी रीत मोडेल का? मी नारळ ठेवला, आणि त्या कोपऱ्यात नागमोडी चालून दहा खड्डे मारले, वीतभर खोल, एकत्र केली, चार भाग, दोन फेकले, पुन्हा चार भाग. अगदी शिस्तीत. वहीत लिहिलं, खड्डे दहा, आणि खूण केली.

कागद आला तो वाचून मला आनंद झाला. सामू सातच्या जवळ. सामू म्हणजे माती आंबट आहे की नाही त्याचा आकडा, सातच्या आसपास असला की बरी. सेंद्रिय अंश भरपूर, चुना घालायची गरज नाही. मी तो कागद बहिणीला फोनवर वाचून दाखवला, मुद्दाम. ती म्हणाली, असेल बाई, तुमच्या गोव्यात सगळंच वेगळं.

पेरलं. उगवलं छान. शंभराला नव्वद. चर मी स्वतः उभी राहून मारून घेतले होते, इकडच्या पावसात सोयाबीनच्या पायाशी दोन दिवस पाणी राहिलं तर संपलं, पण पाणी कुठे राहिलं नाही. पंधरा-वीस दिवस मी रोज सकाळी जाऊन बघायची आणि खूश होऊन यायची. मग पिवळं पडायला लागलं. आधी खालची पानं, मग वरची, आणि वाढ तिथेच थांबली, वीतभरावर. एका कोपऱ्यात असतं तर म्हटलं असतं कीड आहे, पण सगळीकडे सारखं, जसं कोणीतरी मोजून पिवळं केलंय.

आता मला सांगा, यादीत सगळ्याला खुणा, माती चांगली, बियाणं चांगलं, चर चांगले. मग चूक कोणाची? दुसऱ्या कोणाची तरी. मी नवीन यादी केली, संशयाची. पहिला खतवाला. त्याच्याकडून आणलेल्या डीएपीचे दाणे उरले होते. खाणीवरच्या एका जुन्या शिपायानं सांगितलं होतं की खरा डीएपी तंबाखूसारखा तळहातावर चुन्याबरोबर मळला की नाकाला झोंबतो. मांयच्या पानाच्या डब्यातला चुना घेतला आणि मळला, डोळ्यांत पाणी आलं. खतवाला सुटला. दुसरं जीवाणूंचं पाकीट. ते सावलीत थंड ठेवावं लागतं, उन्हात ठेवलं तर आतले जीव मरतात, आणि दुकानात ते शेल्फावर वर ठेवलेलं, पत्र्याखाली. मी दुकानात गेले आणि अर्धा तास उभी राहून त्या शेल्फावर ऊन येतं का बघितलं. दुकानदार म्हणाला, बाय, काय हवं? म्हटलं, काही नाही, उभी आहे. ऊन आलं नाही, पण पत्रा तापलेला होता, म्हणून पाकिटासमोर मी प्रश्नचिन्ह ठेवलं.

आणि तिसरे उल्हास भावोजी. खरं सांगते, यादीत ते तिसरे होते पण मनात पहिले. शेत गेलं तर फायदा कोणाचा? काट्यावर आम्ही हाच प्रश्न विचारायचो, वजन वाढलं तर फायदा कोणाचा, आणि माणूस सापडायचा. मग एका बुधवारी सकाळी मी शेताकडे गेले तर भावोजी रस्त्याच्या बाजूच्या बांधावरून उतरताना दिसले, हातात बालदी. मला बघून थबकले. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, कांय ना वयनी, बघत होतो. बालदी घेऊन बघत होते! घरी येऊन वहीत लिहिलं, बुधवार, सकाळी साडेसात, बालदी, रिकामी. आणि आठ दिवसांनी काय बघते, रस्त्याच्या बाजूच्या चार ओळी हिरव्यागार, आणि आत सगळं पिवळं.

तुम्ही असता तर तुम्हाला काय वाटलं असतं? कोणीतरी भलं केलं असं वाटलं असतं. मला तसं नाही वाटलं. मी असा हिशेब लावला की आतल्या पिकाला काहीतरी केलंय, आणि ते रस्त्यावरून कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून पुढच्या चार ओळी हिरव्या ठेवल्यात. दुकानदार मालाची पाटी दाखवताना वर चांगले आंबे ठेवतो तसं. बघा, डोकं कसं चालतं. मी ह्यांना फोन केला, हे म्हणाले, उल्हास असं नाही करणार. मी म्हटलं, तुम्ही वास्कोला बसून कसं सांगता? आणि फोन ठेवला.

चतुर्थीला सगळे एका घरात, आमच्याच. आदल्या दिवशी माटोळी बांधायची असते, गणपतीच्या डोक्यावरची लाकडी चौकट, तिला शेतातलं रानातलं जे जे फळ आणि शेंग मिळेल ते टांगायचं. मी पावसाळ्याच्या आधी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की यंदा माटोळीला आमच्या शेतातलं सोयाबीन लागणार. भावोजी स्टुलावर चढून बांधत होते, खालून माझी जाऊ संगीता एकेक वस्तू देत होती, आणि कोणीतरी सहज विचारलं, सोयाबीन कुठे आहे? माझ्या डोक्यात गेलं ते. मी म्हटलं, सोयाबीन कुठे गेलं ते वर चढलेल्या माणसाला विचारा, बालदीतून काय ओतलं तेही विचारा.

देवाच्या खोलीत एवढी माणसं, सगळ्यांसमोर. भावोजी वरूनच म्हणाले, युरिया तो, वयनी. आणि पुढचा नारळ बांधायला लागले. मग संगीता बोलली, माझ्याकडे न बघता. म्हणाली, रोज ट्रक घेऊन जाताना पिवळं दिसायचं, म्हणून आणला होता त्यांनी, मी सांगत होते की वयनींना विचारून टाका, तर म्हणाले, विचारलं तर त्या नको म्हणतील, चार ओळींना टाकून बघतो. मांय कोपऱ्यात बसली होती, ती एवढंच म्हणाली, आतां हात चालव गो, उशीर जाता.

लोकांना वाटतं मी तिथेच रडले असेन. नाही. मी विश्वासच ठेवला नाही. नवऱ्याची बाजू बायको घेणारच. चतुर्थीचे दिवस झाले, ते हिरवं एक रोप आणि पिवळं एक रोप उपटलं, मुळांची माती बांधाच्या आतच झटकली आणि दोन्ही घेऊन कृषी कार्यालयात गेले. तिथल्या मॅडम तरुण आहेत, पेडण्याच्या आहेत, म्हणून माझ्याशी जरा जास्त बोलतात. मी विचारलं, युरियानं आठ दिवसांत असं हिरवं होतं का? त्या म्हणाल्या, नत्राची उपासमार असेल तर होतं. म्हणजे भावोजी खरं बोलले होते. मग मॅडमनी दोन्ही मुळं पाण्यात धुतली आणि म्हणाल्या, काकी, तुम्ही हे पानांकडे बघत बसलात, खाली बघितलंच नाही. मुळं उघडी. सोयाबीनच्या मुळाला गाठी हव्यात, त्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र आणून झाडाला देतात, आणि इथे दोन-तीन बारीक गाठी, नखानं फोडल्या तर आत पांढऱ्या, मेलेल्या. मी म्हटलं, पाकीट खराब होतं, मला माहीतच होतं. त्या म्हणाल्या, असू शकतं, पण आंबट मातीत चांगल्या पाकिटाचंही हेच होतं, आणि अळसांद्याला चालणारे आपल्या मातीतले जीवाणू सोयाबीनला चालत नाहीत, त्यामुळे ते मदतीला येत नाहीत, आणि घातलेला स्फुरदही तांबडी माती धरून ठेवते, झाडाला सोडत नाही. मी म्हटलं, माझी माती आंबट नाही, कागद आहे. कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, मोरडाची माती अशी? सॅम्पल कुठून घेतलात?

मी वही काढली. अभिमानानंच काढली. दहा खड्डे, वीतभर खोल, चार भाग. त्या म्हणाल्या, हो, पण कुठे?

काय सांगू तुम्हाला. वहीत ते लिहिलेलंच नव्हतं. किती लिहिलं होतं, कसं लिहिलं होतं, कधी लिहिलं होतं, आणि कुठे याला रकानाच नव्हता. मी सांगितलं, राखणदाराच्या कोपऱ्यातून. मॅडम पेडण्याच्या, त्यांना पुढे सांगावं लागलं नाही. हसल्या नाहीत त्या. म्हणाल्या, तिथे दरवर्षी चुना काढतात ना? उरलेल्या चुन्याचं पाणी कुठे ओततात? मी म्हटलं, तिथेच, पायाशी. धुपाटण्याची राख? तिथेच. नारळाच्या करवंट्या, पत्रावळी, रोटाचे उरलेले तुकडे? तिथेच, तिथेच कुजतात. नांगर? तिथे कोण नांगर घालणार. पिढ्यान्पिढ्या चुना आणि राख खाल्लेली चार पावलं जमीन, आणि मी तिचा सॅम्पल सगळ्या शेताचा म्हणून दिला. खाणीवर एखाद्यानं चांगल्या कोपऱ्यातला माल काढून सगळ्या ढिगाचा म्हणून दिला असता तर मी त्याचा ट्रक फाटकातच अडवला असता. मी बसमध्ये बसून घरी निघाले आणि आमचा स्टॉप सोडून एक स्टॉप पुढे उतरले.

दीड पोतं निघालं. सहाच्या जागी दीड. तेही त्या चार ओळींनी थोडा हात दिला म्हणून. दिवाळी झाली. भावोजी काही बोलेनात, मशीनचं नाव काढेनात, आणि माझ्या मनात पुन्हा आलं की हा माणूस गप्प का, काय मनात आहे ह्याच्या. शेवटी मीच गेले. ते ट्रकाखाली पडून ग्रीस भरत होते, पाय तेवढे दिसत होते. मी पायांनाच सांगितलं. म्हटलं, माती चांगली नव्हती, सॅम्पल मी चुकीचा काढला होता, तुमचा काही संबंध नव्हता, देवासमोर बोलले ते मी मागे घेते, आणि शब्द झाला होता तो झाला होता, मशीन आणा.

ते बाहेर आले, फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, वयनी, खाणीवर सॅम्पल चुकला तर काय करायचे तुम्ही?

मी म्हटलं, दोन्ही बाजूंची माणसं समोर उभी करून पुन्हा काढायचा.

ते म्हणाले, मग?

एवढंच. मग?

आता माती बांधाबाहेर न्यायची तर पुन्हा तोच कोपरा, आणि मांय जिवंत असताना मी दुसरं काही करणार नव्हते. म्हणून आम्ही मॅडमनाच शेतात बोलावलं, त्यांच्याकडे पाण्यात रंग बदलणारं औषध असतं ते घेऊन. मांयची कादेर, म्हणजे खुर्ची, बांधावर नेऊन ठेवली, ती छत्री उघडून बसली. भावोजी कुदळ घेऊन पुढे, मी मागे, शेताच्या मधून, चारही अंगांनी, दहा खड्डे. प्रत्येक खड्ड्यावर मी विचारायची, इथला चालेल? आणि ते म्हणायचे, चालेल. ते विचारायचे, इथला? मी म्हणायची, चालेल. दहा बशा मांडल्या, त्यात माती, पाणी, औषधाचे थेंब. दहाही बशांत पाणी तांबूस पिवळं झालं, म्हणजे आंबट. अकराव्या बशीत कोपऱ्यातली माती घातली, ती हिरवी. मांयनं वाकून दोन्ही बघितलं आणि म्हणाली, त्याची माती बरी असतलीच, तो थंयच बसता मरे. मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे आजी. झाल्यावर सगळ्या बशांतली माती मी जिथल्या तिथे परत ओतली. बांध कोणीच ओलांडला नाही.

भावोजींनी एक पावसाळा आणखी दिला, तीच सहा पोत्यांची अट ठेवून. मीच म्हटलं, अट कमी करू नका, नाहीतर मला वाटत राहील की दया केली. त्यांच्या गाड्या सध्या दुसऱ्याच्या आवारात उभ्या राहतात, तिथला मालक रोज कटकट करतो, हे मला संगीताकडून कळतं. मे महिन्यात आम्ही शेतीचा चुना पसरला, मॅडमनी मोजून दिला तेवढाच, आणि मातीत मिसळून ठेवला. शेणखत घातलं. पाकीट मॅडमच्या समोर थंड पेटीतून घेतलं, घरी येईपर्यंत ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं, गुळाच्या पाण्यात कालवून बियांना चोळलं, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरलं. सुपर फॉस्फेट ओळीच्या बाजूला, बियांना न लागता. युरिया पेरणीबरोबर अगदी थोडा, जास्त दिला की झाड आयतं खायला शिकतं आणि गाठी धरायचा आळस करतं.

आणि हे सगळं करून आता श्रावण चालू आहे, पीक गुडघ्याच्या वर आलं, फुलं धरली, काळंभोर हिरवं आहे. आणि मला झोप लागत नाही. कारण हिरवं दिसलं की मला आधी वाटतं, पुन्हा कोणी बालदी तर नाही आणली? हिरवेपणा दोन प्रकारचा असतो हे आता मला माहीत आहे, एक विकतचा आणि एक मुळांतून आलेला, आणि वरून दोन्ही सारखेच दिसतात. भावोजींना मी स्पष्ट विचारलं, तुम्ही काही टाकलं नाही ना? आता ते रोज सकाळी मोरडावरून ट्रक नेताना वेग कमी करतात आणि स्टिअरिंग सोडून दोन्ही हात वर करून मला दाखवतात, बालदी नाही. क्लीनर हसतो. गाडी चालवताना हात सोडतात म्हणून मी रागावते, आणि नंबर बघून घेते, तेच आहेत ना.

सहा होतील की नाही, मी सांगणार नाही. शेंगा भरायच्या आहेत, पाऊस कधी दगा देईल, अळी कधी येईल, मळून पोत्यात पडल्याशिवाय आणि काट्यावर चढवल्याशिवाय मी बोलायची नाही. मांय म्हणते, देवान दिल्लें तें घेवचें. घेईन. पण तोलून घेईन.

तुम्ही एवढ्या लांब आलात, देव तुमचं बरं करो. पण हे असं मी बोलले आणि तुम्ही लिहून नेलं, त्यात काय अर्थ आहे? चला मोरडावर, चप्पल काढा, मधे शिरा, आणि एक रोप उपटून मुळं बघा. गाठी असतील तर नखानं फोडा, आतून लाल असली की ती जिवंत. ओळ तुम्ही निवडा. मी बोट दाखवीन तिथलं उपटू नका.